राखून ठेवलेली बाटली

मलकापुरासारख्या गांवांतील माणसानें वाइन आणि जेवण यांच्या जोडीविषयीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं आपणांस थोडें विचित्र वाटेल. शाहूवाडी तालुक्यांतील हें लहानसें गांव कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर आहे. १८४४ सालच्या बंडानंतर इंग्रजांनीं विशाळगडाची तटबंदी पाडली आणि जहागिरीचें ठाणें गडावरून येथें आलें, एवढीच त्याची इतिहासांतील प्रसिद्धि. पावसाळ्यांत येथें छत्रीवांचून घराबाहेर पाऊल टाकतां येत नाहीं; उन्हाळ्याच्या अखेरीस करवंदें आणि जांभळें टोपल्यांतून बाजारांत येतात. द्राक्षाचा मळा मात्र आमच्या या भातखाचरांत कोठें दिसावयाचा नाहीं. तरीहि एका बाटलीनें मला जें शिकविलें तें आपणांपुढें मांडावें, म्हणून आज येथें आलों आहें.

माझा एक बाळमित्र नोकरीनिमित्त नाशिकला असे. एका दिवाळीस गांवीं येतांना त्यानें पांढऱ्या वाइनची एक बाटली आणली. ती माझ्या हातांत देऊन तो म्हणाला, "अरे, ही साधी नव्हे हो. मुद्दाम निवडून आणली आहे. आपण चौघे एकत्र बसूं तेव्हां उघडूं. वहिनींच्या हातचा पांढरा रस्सा मात्र पाहिजे." त्या दिवाळीस आमच्यापैकीं चौथा गांवीं नव्हता. म्हणून मीं ती बाटली एका धुवट फडक्यांत गुंडाळून स्वयंपाकघराच्या माळ्यावर, लोणच्याच्या बरण्यांशेजारीं, नीट उभी करून ठेविली.

पुढच्या वर्षीं चौथा आला, तर तिसऱ्याच्या घरीं सुतक होतें. त्याच्या पुढच्या वर्षीं सगळे जमले. पण मलाच वाटलें, अशी बाटली नुसत्या भेटीगांठीसाठीं कशाला उघडावी? प्रसंग तिच्या तोलाचा असावा. मुलीच्या लग्नाचा विचार केला. लग्नांत असल्या गोष्टी शोभत नाहींत म्हणून तो सोडला. मित्र दरवर्षीं विचारी, "काय रे, आहे का ती अजून?" आणि मी मोठ्या अभिमानानें सांगें, "आहे, अगदीं जपून ठेविली आहे." अशीं सात वर्षें गेलीं. आठव्या वर्षाच्या आषाढांत तो मित्र अल्पशा आजारानें वारला.

त्या दिवाळीस आम्ही तिघे जमलों, तेव्हां माळ्यावरून बाटली काढली. बूच इतकें सुकलें होतें कीं त्याचा अर्धा भाग चुरा होऊन आंत पडला. पेल्यांत जें उतरलें त्याचा रंग कोऱ्या चहासारखा होता, आणि वासांत व चवींत शिळ्या आंबट फळाखेरीज कांहीं उरलें नव्हतें. कोणी कांहीं बोललें नाहीं. घरच्या मंडळींनीं सकाळपासून खपून पांढरा रस्सा केला होता. आम्ही तो नुसताच खाल्ला.

चूक बनविणाराची नव्हती, विकणाराचीहि नव्हती. माझ्या एका गोड गैरसमजाची ती चूक होती. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, असें आपण ऐकत आलों आहों. वस्तुस्थिति अशी कीं, जगांत बनणाऱ्या वाइनपैकीं फारच थोडी वर्षानुवर्षें मुरण्याच्या योग्यतेची असते. जिला खणखणीत आंबटपणा, सालीबियांतून उतरलेला तुरटपणा किंवा भरपूर साखर यांचा आधार असतो, तीच काळाला तोंड देऊं शकते. बाकीची, आणि विशेषेंकरून हलकी पांढरी वाइन, दोनतीन वर्षांत संपवावी हेंच बरें. शिवाय बुचाची बाटली थंड, काळोख्या जागीं आडवी ठेवावी लागते, म्हणजे बूच ओलें राहून घट्ट बसतें. उभ्या बाटलीचें बूच सुकून आकसतें आणि हवा आंत शिरते. मग चिरून ठेवलेलें सफरचंद जसें तांबूस पडतें, तशीच गति आंतल्या रसाची होते. त्यांतून चुलीवरचा माळा म्हणजे घरांतील सर्वांत उष्ण जागा! लोणचें मुरतें तें मिठाच्या आणि तेलाच्या बळावर. माझ्या बाटलीजवळ दोन्हींपैकीं कांहींच नव्हतें.

त्या दिवसापासून या विषयावर जें मिळेल तें मी वाचूं लागलों. पहिली शंका मनांत होती ती अशी, कीं हें सगळें परक्यांचें खूळ तर नव्हे? या शंकेचें उत्तर मला आमच्याच कोल्हापुरांत मिळालें. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४५ च्या सुमारास तेथें सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष उजेडांत आले. त्यांत कांशाच्या वस्तूंचा जो ठेवा सांपडला, त्यांत ग्रीक समुद्रदेव पोसायडन याची एक सुबक मूर्ति होती, आणि तिच्या सोबत रोमन घडणीची, वाइन ओतावयाची सुरई होती. ती मूर्ति टाऊन हॉलच्या संग्रहालयांत आहे. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवृत्तांत, ज्याला 'पेरिप्लस' म्हणतात, भडोच बंदरांत उतरणाऱ्या मालाच्या यादींत वाइनचा उल्लेख आहे, आणि तींतहि इटलीची अधिक पसंत पडे असें नमूद आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींचा आमच्याकडील गिऱ्हाईकहि अमुक देशाची हवी असें म्हणण्याइतका चोखंदळ होता.

इ. स. ११२९ च्या सुमारास कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचिला. राजाच्या भोजनाचें त्यांतील वर्णन प्रसिद्धच आहे. परंतु त्याच ग्रंथांत वीस क्रीडांची जी मालिका दिली आहे, तींत मदिरापानाचीहि गणना आहे. मला महत्त्वाचें वाटतें तें हें, कीं राजानें त्यास क्रीडा म्हटलें. क्रीडा एकट्याची नसते. तिला सोबती लागतात, नियम लागतात, आणि ती कोठें थांबवावी हेंहि ठरलेलें असतें. ग्रीकांचा 'सिंपोझियम' हा शब्द आज आपण विद्वानांच्या परिषदेसाठीं वापरतों. त्याचा मूळ अर्थ 'एकत्र पिणें' असाच आहे. त्या बैठकींत एक जण प्रमुख नेमला जाई आणि वाइनमध्यें पाणी किती मिसळावें हें तो ठरवी. निर्भेळ पिणें हें त्यांच्या दृष्टीनें रानटीपणाचें लक्षण होतें.

आतां आपल्या आजच्या महाराष्ट्राकडे पाहूं. पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें श्यामराव चौगुले यांनीं १९८० नंतरच्या दशकांत फ्रेंच तज्ज्ञांच्या साह्यानें फेसाळणारी वाइन तयार केली. 'ओमर खय्याम' या नांवानें ती परदेशींहि गेली. पुढें नाशिकजवळ राजीव सामंत यांनीं १९९७ मध्यें सोव्हिन्यों ब्लां आणि शेनें ब्लां या फ्रेंच जातींचे वेल लावले, आणि २००० सालीं त्यांची पहिली वाइन बाजारांत आली. २००१ मध्यें राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण आंखलें आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइन उद्योगासाठीं जागा ठरविल्या. पलूस तर आमच्या शेजारचें.

या वेलांची गोष्ट मोठी मनोरंजक आहे. युरोपांत थंडी पडली कीं वेल झोंपतो आणि वसंतांत जागा होतो. आपल्याकडे त्याला झोंप नाहीं. म्हणून आपला शेतकरी वर्षांतून दोनदां छाटणी करितो: एप्रिलांत खरड छाटणी आणि पावसाळा संपतांना गोडी छाटणी. मग युरोपांत जें फळ शरदाच्या तोंडावर उतरतें, तें आपल्याकडे जानेवारी ते मार्चमध्यें उतरतें. खाण्याचें द्राक्ष टपोरें, पातळ सालीचें आणि बिनबियांचें. वाइनचें त्याहून लहान, जाड सालीचें आणि बियांचें. जी साल आपण खातांना थुंकून टाकूं, तिच्यांतच तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा असतो.

आतां मुख्य प्रश्न. ही वाइन आपल्या जेवणाशीं जुळते काय? पाश्चात्त्यांचीं पुस्तकें उघडावीं तर त्यांत भाजलेलें मांस, चीज आणि समुद्रांतील कालवें. तांबड्या रश्शाचें नांव नाहीं. तेव्हां आपले नियम आपणच शोधले पाहिजेत. मला जे पटले ते तीन आहेत.

पहिला नियम तोलाचा. हलक्या पदार्थास हलकी आणि भारी पदार्थास भारी वाइन द्यावी; नाहींतर एक दुसऱ्यास गिळून टाकतो. दुसरा नियम असा, कीं वाइन ही पदार्थाइतकी तरी आंबट आणि पदार्थाइतकी तरी गोड असावी. पुरणपोळीबरोबर कोरडी, म्हणजे साखर न उरलेली वाइन घेऊन पाहा. ती लिंबासारखी आंबट लागेल. तेथें वेलावर अधिक दिवस पिकूं दिलेल्या द्राक्षांची गोड वाइन पाहिजे. तिसरा नियम तिखटाचा, आणि आम्हां कोल्हापूरकरांस तोच सर्वांत महत्त्वाचा. मिरचीचा दाह जिभेवरील ज्या संवेदनेस चेतवितो, तिलाच मद्यार्क अधिक हळवी करितो. तांबड्या वाइनचा तुरटपणा त्यांत आणखी भर घालतो. म्हणून तांबड्या रश्शाबरोबर जड तांबडी वाइन, ही रंगाच्या साम्यावरून केलेली जोडी, अगदीं चुकीची. जळत्या जिभेवर ती तेल ओतते. येथें मद्यार्क कमी असलेली, किंचित् गोडसर आणि चांगली गार केलेली शेनें ब्लां हवी. ताटांत गुळाचा खडा असला म्हणजे ठेंचा जसा सोसवतो, तसाच हा प्रकार.

पांढऱ्या रश्शाची गोष्ट निराळी. मटणाचें पाणी, नारळाचें दूध, खसखस, तीळ, काजू. सारा स्निग्ध आणि सौम्य प्रकार. त्याला कोरडी, तरतरीत पांढरी किंवा फेसाळणारी वाइन बरी. एक घोट घेतला कीं जिभेवरची स्निग्धता धुऊन निघते आणि पुढचा चमचा पहिल्यासारखा लागतो. माझा मित्र पुस्तकें वाचून बोलत नव्हता. त्याच्या जिभेला हें आपोआप कळलें होतें. रत्नागिरीहून घाट चढून आलेल्या सुरमईच्या तळलेल्या तुकडीवर आपण लिंबू पिळतों. तें काम सोव्हिन्यों ब्लां करिते. सुकें मटण, तिखट बेताचें आणि मिरीं सढळ असें असेल, तर शिराझ जातीची तांबडी वाइन घ्यावी. ही नुसती कल्पना नव्हे. मिऱ्यांना त्यांचा वास देणारें 'रोटुंडोन' नांवाचें द्रव्य शिराझच्या द्राक्षांतहि आढळतें. मटणांतील स्निग्धता आणि मीठ वाइनचा तुरटपणा बोथट करितात, हा आणखी लाभ.

आणि जेथें जुळत नाहीं तेथें जुळवूं नये. आमसुलाच्या कढीपुढें मोठमोठ्या वाइन फिक्या पडतात. तेथें कढीच प्यावी. गोव्याच्या लोकांनीं याहून शहाणपणाचा मार्ग काढला. पोर्तुगीजांचें, वाइन आणि लसूण यांत मुरविलेलें मांस तिकडे आलें. वाइनच्या जागीं तेथें माडाचा सिरका आला, मिरची-मसाला पडला, आणि विंदालू झालें. 'विंदालू' या नांवांत वाइन आहे, पातेल्यांत नाहीं. परकी गोष्ट आपल्या चुलीवर अशी शिजवून घेतां आली पाहिजे.

आतां बैठकीच्या रीतीविषयीं. साडेसातशें मिलिलिटरच्या एका बाटलींत सहा जणांस सव्वाशें मिलिलिटर येते. सहा जणांत दोन बाटल्या पुष्कळ झाल्या. हलकी आधीं, जड मागून. कोरडी आधीं, गोड मागून. पाण्याचा तांब्या प्रत्येकाजवळ असावा. तांबडी वाइन 'खोलीच्या उष्णतेवर' द्यावी असें पुस्तकांत म्हणतात. ती खोली थंड मुलखांतली, आपली मे महिन्यांतली नव्हे. तेव्हां तिलाहि थोडा वेळ गारव्यांत ठेवावी. आणि जेवण समोर असल्याशिवाय बूच काढूं नये. आपल्याकडे दारूनें जीं घरें बुडालीं तीं पाहा. तेथें पिणें हें जेवणापासून तुटलेलें, घरापासून लपविलेलें आणि घाईनें उरकलेलें असतें. ताट थंड होऊन वाट पाहत असतें आणि माणूस दुसरीकडे असतो. ताटाशेजारचा पेला हा ताटाच्या मर्यादेंत राहण्याचा संभव तरी असतो.

एक गोष्ट मुद्दाम सांगतों. पंक्तींत आग्रह करणें हा आपला मोठा गुण समजला जातो. जिलबीचा आग्रह शोभतो. पेल्याचा आग्रह हा गुन्हा समजावा. जो घेत नाहीं त्यास कारण विचारूं नये, आणि त्याच्या पेल्याची उपेक्षाहि करूं नये. त्याच्यासाठीं करवंदाचें सरबत, सोलकढी किंवा जिऱ्याचें ताक तितक्याच काळजीनें करावें, तितक्याच चांगल्या भांड्यांतून द्यावें. चवीची जोडी त्यालाहि जुळवून द्यावी. ज्यास रात्रीं गाडी घेऊन आंबा घाट उतरावयाचा आहे, त्यानें वाइनचा एक थेंबहि घेऊं नये. कायद्यानें घातलेलीं वयाचीं आणि परवान्याचीं बंधनें पाळलींच पाहिजेत.

वाइन प्रकृतीस हितकर असें सांगणारेहि भेटतात. त्यांच्या बोलण्यास भुलूं नये. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ च्या जानेवारींत स्पष्ट सांगितलें आहे, कीं मद्यार्काचें कोणतेंहि प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं. तेव्हां औषध म्हणून कोणी हा पेला उचलूं नये, आणि जो घेत नाहीं त्यानें माझें भाषण ऐकून सुरुवात करूं नये. मी बोलतों आहें तें पिण्याविषयीं नव्हे. एखादी दुर्मिळ वस्तु हातीं आली असतां तिचें काय करावें, याविषयीं.

आम्ही तिघांनीं त्या दिवाळीनंतर एक नेम केला. दरवर्षीं मार्गशीर्ष उलटला, थंडी पडली कीं एकदां जमावयाचें. मार्गशीर्षांत कित्येक घरीं सामिष शिजत नाहीं, म्हणून पौष. आतां आमच्यांत आणखी तिघे आले आहेत. त्यांपैकीं दोघे सरबतवाले आहेत आणि चवीबद्दल सर्वांत नेमकें तेच बोलतात. ज्याच्याजवळ जी चांगली बाटली असेल ती त्यानें त्याच वर्षीं आणावयाची. तिच्यावर फडकें गुंडाळून तीच पंक्तींत फिरवावयाची, म्हणजे नांवाचें आणि किमतीचें दडपण कोणावर येत नाहीं. कोणती वाइन कशाबरोबर जुळली यावर भांडावयाचें, आणि शेवटीं फडकें काढून एकमेकांस हंसावयाचें. गेल्या वर्षीं ज्या वाइनची आम्ही सर्वांत अधिक स्तुति केली, ती सर्वांत स्वस्त निघाली.

जॉर्जिया देशांत, जेथें मातीच्या मोठ्या रांजणांत वाइन आंबविण्याची पद्धति फार पुरातन आहे, मेजवानीच्या वेळीं एक 'तामादा' म्हणजे यजमानांचा मुखत्यार असतो. तो पेला उचलून एकेकाच्या नांवें चार शब्द बोलतो, आणि त्यांत गेलेल्यांची आठवण ठेवणें हा त्याचा धर्म मानला आहे. आमच्या पंक्तींतहि पहिला पेला भरला कीं कोणी तरी म्हणतो, "पांढरा रस्सा झाला आहे रे." एवढेंच. ज्याला कळावयाचें त्याला कळतें.

माळ्यावर ठेविलेली ती बाटली मला आजहि पुष्कळदां आठवते. तिचें मोल मीं प्रसंगाच्या तराजूंत करीत बसलों. तिला साजेसा प्रसंग कोणता, हें तिच्या मालकानें देतांनाच सांगितलें होतें: आपण चौघे एकत्र बसूं तेव्हां. चौघे बसले होते. एकदां नव्हे, चांगले चार वेळां बसले होते. मीच त्यास प्रसंग मानला नाहीं.

श्रोतेहो, आपल्याहि घरीं कोठें तरी असें कांहीं राखून ठेविलेलें असेल. ती बाटलीच असेल असें नाहीं. केशराची डबी असेल, भारी बशांचा संच असेल, कोणाला तरी एकदां जेवावयास बोलवावयाचें असेल. पंचांगांत त्याचा मुहूर्त शोधूं नका. या आठवड्यांत पाटपाणी करा आणि निरोप धाडा. वाइन नासली तर दुसरी मिळते.